कळलं, पण येतं का?

पत्र

बाई, नमस्कार.

मी दहावीत आहे, मराठी माध्यम. आमचं गाव तालुक्याचं आहे. मी अभ्यास करत नाही असं कुणीच म्हणणार नाही. पहाटे चारला उठते, साडेसहा ते साडेआठ क्लास, अकरा ते पाच शाळा, संध्याकाळी आईला मदत (ती शिलाईकाम करते), मग जेवण आणि रात्री साडेअकरापर्यंत अभ्यास. सुट्टीच्या दिवशी सात-आठ तास होतात. प्रत्येक धडा मी चार-पाच वेळा वाचते. व्याख्यांना पिवळा रंग, कारणांना गुलाबी, सनावळीला हिरवा. क्लासमध्ये गणितं सगळी सुटतात. सर 'कळलं का?' विचारतात तेव्हा खरंच कळलेलं असतं म्हणून मी हो म्हणते. तरी प्रथम सत्रात बीजगणितात 40 पैकी 14 आणि इतिहास-राज्यशास्त्रात 40 पैकी 19. पेपर हातात आला तेव्हा वाटलं, हे सगळं तर आपलं झालंय, आणि पुढे काही सुचेचना.

आई म्हणते मोठ्याने वाच, मनातल्या मनात वाचून डोक्यात शिरत नाही. मामेबहिणीला 94 टक्के होते, ती म्हणते रोज दहा तास बसायचीच. माझं डोकंच कमी आहे का? वेळापत्रक तीनदा केलं, एकही आठवडाभर टिकलं नाही. किती तास अभ्यास करू आणि पहाटे करू की रात्री, एवढं सांगा.

— दहावीतली एक विद्यार्थिनी

उत्तर

बाळा,

तुझ्या पत्रातल्या एका वाक्याखाली मी पेन्सिलने रेघ मारली. (मीही रेघा मारते, त्याबद्दल पुढे बोलू.) 'हे सगळं तर आपलं झालंय, आणि पुढे काही सुचेचना.' एकतीस वर्षं गणित शिकवताना हे वाक्य मी इतक्या मुलांच्या तोंडून ऐकलं की त्याचा मला रागच यायचा. वाटायचं, सबब सांगतायत. ती सबब नव्हती हे कळायला मला फार उशीर लागला.

तुझी आई ब्लाउज कापते ते तू किती वर्षं बघते आहेस? मापं घेणं, खडूने आखणं, शिवणीसाठी कापड सोडणं, कटोरीचा भाग वेगळा काढणं. बघताना सगळं कळतं ना? उद्या तिने कात्री तुझ्या हातात दिली आणि गिऱ्हाइकाचं कापड पुढ्यात टाकलं, तर? आपल्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळी क्रियापदं आहेत, कळणं आणि येणं. पोहायचं कसं ते मला कळतं, पण मला पोहता येत नाही. क्लासमध्ये सर विचारतात 'कळलं का?' आणि तू खरं उत्तर देतेस. परीक्षा मात्र 'येतं का?' एवढंच विचारते. तुझा जवळजवळ सगळा अभ्यास पहिल्या प्रश्नाचा चालला आहे, म्हणून तास वाढले तरी मार्क वाढले नाहीत. डोक्याचा यात काही दोष नाही.

धडा पाचव्यांदा वाचताना कसं वाटतं ते आठव. डोळे भराभर पळतात, पुढची ओळ काय आहे ते आधीच माहीत असतं. रोजच्या रस्त्यासारखं. याच ओळखीच्या भावनेने तुला फसवलं. शाळेच्या रस्त्यावरून तू हजारदा गेली असशील, पण डोळे मिटून सांग बघू, उजव्या हाताला चौथं दुकान कोणतं? दुकान दिसलं की ओळखता येतं, न दिसता सांगता येत नाही. परीक्षेत पुस्तक समोर नसतं.

हा काही माझा शोध नाही. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली महाविद्यालयीन मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. एका गटाला एक उतारा चार वेळा अभ्यासायला दिला. दुसऱ्या गटाने तो एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते, त्यांना 83 टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणारे 40 वर घसरले, लिहिणारे 61 वर होते. मला यात सगळ्यात बोलकी वाटते ती निराळीच गोष्ट. आठवड्याने आपल्याला किती आठवेल असा अंदाज विचारला, तेव्हा जास्त विश्वास चार वेळा वाचणाऱ्यांनाच होता! रात्री साडेअकराला पुस्तक मिटताना 'झाला धडा' असं वाटणारी तू त्याच गटात बसलेली आहेस.

मग करायचं काय? एक भाग घे, दोन-तीन पानांचा, त्याहून मोठा नको. एकदा नीट, सावकाश वाच. रंगाचं पेन हातात नको. पुस्तक मीट आणि लांब ठेव, नाहीतर हात आपोआप तिकडे जातो. जुन्या वहीचा पाठकोरा कागद घे आणि जे वाचलं ते आठवून लिही. सुंदर अक्षर नको, पूर्ण वाक्यं नकोत. पहिली दोन मिनिटं बहुधा काहीच आठवणार नाही. तिथेच बसून राहा. छातीत थोडं धस्स होईल, 'एकदा बघूनच घेते' असं वाटेल. बघू नकोस. डोकं खणायला लागतं ते त्याच मिनिटांत. लिहून झालं की पुस्तक उघड आणि लाल पेनने सुटलेलं आणि चुकलेलं भर. कागदावर लाल जास्त दिसलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. तेवढं आपल्याला येत नव्हतं हे आज घरात कळलं, मार्चमध्ये वर्गात नाही.

आधीच सांगते, पहिला आठवडाभर तुला वाटेल की तू मागे पडते आहेस. पूर्वी एका रात्रीत अख्खा धडा 'व्हायचा', आता चार पानांतच तास जाईल. त्या आठवड्यात मैत्रिणींशी 'तुझे किती धडे झाले' हा विषयच काढू नकोस.

आता आईचं म्हणणं. ती अर्धी बरोबर आहे. तिची आई किंवा आजी संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की मुलांना परवचा म्हणायला बसवत असेल. पाढे, निमकी, पाऊणकी, दिडकी, श्लोक. मोठ्याने तर खरंच, पण हातात पुस्तक कुठे असायचं? अंकलिपी घेऊन पाढे वाचले तर त्याला परवचा म्हणत नाहीत. आवाजाचा गुण आपण लक्षात ठेवला आणि पुस्तक बाजूला ठेवायचा गुण विसरलो. तेव्हा मोठ्याने बोल, पण पुस्तक मिटून बोल. घोकंपट्टीला मी सरसकट नावं ठेवणारी नाही. पाढे, सूत्रं, मूलद्रव्यांच्या संज्ञा तोंडपाठच हव्यात, तिथे समजुतीच्या गप्पा मारून चालत नाही.

दुसरा शब्दही आपल्याच घरातला आहे, उजळणी. पितळेची भांडी चिंच लावून उजळतात, ती रोज नाही, थोडी काळवंडली की. काल घासलेलं तांब्याभांडं आज पुन्हा घासण्यात कष्ट फुकट. महिनाभर ठेवलं तर डाग हटता हटत नाही. धड्याचंही तसंच आहे. हेरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून ते किती वेगाने विसरतात ते मोजलं आणि 1885 साली छापलं. सगळ्यात मोठी गळती पहिल्या दिवसातच होते, नंतर ती मंदावते. म्हणून आज केलेल्या भागाची पहिली उजळणी उद्याच, दुसरी तीन-चार दिवसांनी, तिसरी दोन आठवड्यांनी. प्रत्येक वेळी कोरा कागद, मिटलेलं पुस्तक. या उजळणीला वेळ फार लागत नाही, एका भागाला दहा मिनिटं पुरतात. एका रविवारी 'वर्तुळ' पाच तास घोटण्यापेक्षा तेच पाच तास तीन आठवड्यांत वाटून टाक.

गणितावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तिथे मीच चुकले होते. कित्येक वर्षं मी 'रेषीय समीकरणं' शिकवायचे आणि घरी त्याचीच दहा उदाहरणं द्यायचे. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची बरोबर. मग 'वर्गसमीकरणं', पुन्हा दहा, पुन्हा बरोबर. मी खूश, मुलं खूश. सहामाहीत सगळी मिसळून आली की अर्धा वर्ग आडवा. मी वर्गात ओरडायचे, 'दिवाळीआधी तर येत होतं!' येत नव्हतंच. मथळ्यावर 'वर्गसमीकरणे' लिहिलेलं असलं की कोणती पद्धत वापरायची हा प्रश्न मुलाला पडतच नाही, तो मथळ्यानेच सोडवलेला असतो. मुलाकडे उरते ती फक्त आकडेमोड. आणि परीक्षेत अवघड असतं ते नेमकं पहिलं पाऊल, हे गणित कुठल्या घरातलं आहे ते ओळखणं.

वयाचं गणित घे. बापलेकांच्या वयांची बेरीज दिली, पाच वर्षांपूर्वीचं नातं दिलं, की दोन चलांची रेषीय समीकरणं. वयांतला फरक आणि गुणाकार दिला की वर्गसमीकरण. वाचायला दोन्ही सख्ख्या बहिणी. पगार दरवर्षी ठरावीक रकमेने वाढतो म्हटलं की अंकगणिती श्रेढी, पण 'श्रेढी' हा शब्द प्रश्नात येईलच असं नाही. क्लासमध्ये तुला हे ओळखावंच लागत नाही, कारण त्या आठवड्यात तिथे एकाच घरातली गणितं चाललेली असतात.

यावरही प्रयोग झाला आहे. रोहरर आणि टेलर यांनी 2007 साली विद्यार्थ्यांना चार निरनिराळ्या घनाकृतींची घनफळं काढायला शिकवली. एका गटाने एका प्रकारची सगळी उदाहरणं संपवून मग पुढचा प्रकार घेतला, दुसऱ्याने सगळी मिसळून सोडवली. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची 89 टक्के बरोबर आली, दुसऱ्याची 60. आठवड्याने परीक्षा घेतली तर पहिला गट 20 टक्क्यांवर आणि मिसळून सोडवणारा 63 वर! हे वाचलं तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. आधीच्या किती बॅचेस मी त्या 20 टक्क्यांत बसवल्या, ते मोजायचं मी टाळते.

तू असं कर. घरात बिस्किटांचा एखादा रिकामा पत्र्याचा डबा असेल. झालेल्या प्रत्येक प्रकरणातली आठ-दहा उदाहरणं चिठ्ठ्यांवर उतरव. प्रकरणाचं नाव लिहू नकोस, फक्त गणित लिही आणि मागे बारीक अक्षरात पान क्रमांक. सगळ्या चिठ्ठ्या डब्यात. रोज डोळे मिटून चार काढ. प्रत्येक चिठ्ठीवर आधी एकच प्रश्न विचार, 'ही कुठल्या घरातली?' मग सोडव. सुटली तर तारीख टाकून परत डब्यात. नाही सुटली तर पान उघडून रीत बघ, पण सोडवलेलं उदाहरण नुसतं वाचून 'हं, असं होय' म्हणून चिठ्ठी परत टाकू नकोस. ती उशाशी ठेव आणि उद्या सकाळी रीत न बघता पुन्हा सोडव. नव्या प्रकरणात पहिले दोन दिवस एकाच प्रकारची उदाहरणं करायला हरकत नाही, हात बसावा लागतो. तिसऱ्या दिवशी त्यांच्याही चिठ्ठ्या डब्यात.

आणि तो 14 मार्कांचा पेपर. तू तो कपाटात कपड्यांखाली ठेवला असशील, मला माहीत आहे. काढ बाहेर. गेलेल्या 26 मार्कांपुढे एकेक अक्षर लिही. 'र' म्हणजे रीतच सुचली नाही, 'ह' म्हणजे हातचा किंवा चिन्ह चुकलं, 'व' म्हणजे वेळ संपली. माझा अंदाज, 'र' सर्वांत जास्त निघतील आणि ते डब्याने कमी होतील. 'व' जास्त असतील तर औषध वेगळं. बोर्डात बीजगणिताला 40 मार्क आणि दोन तास, म्हणजे मार्काला तीन मिनिटं. चार मार्कांच्या गणितावर पंचवीस मिनिटं बसलीस तर पुढचे चार मार्क तू आपल्या हाताने परत केलेस. 'ह' प्रकारासाठी एक छोटी वही कर, चुकांची. वर्गसमीकरणाचा विवेचक (b² − 4ac) काढताना ऋण संख्येचा वर्ग ऋणच लिहिला असेल, तर तेवढंच तिथे लिही. पेपरच्या आदल्या दिवशी पुस्तकाआधी ही वही वाचायची.

इतिहासाचे 19 मात्र थोडे निराळे आहेत. पहिल्याच धड्यात इतिहास कसा लिहावा ते सांगणाऱ्या विचारवंतांची, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फुको अशी रांग लागते आणि मुलं ती मूलद्रव्यांसारखी पाठ करतात. कोण काय म्हणाला याची सरमिसळ होणारच. एबिंगहाउसचे अक्षरगट निरर्थक होते म्हणून ते इतके भराभर गळाले. तुला रांकेही तसाच निरर्थक आहे. त्याला अर्थ दे. तुमच्या घरी आजी असेल किंवा शेजारी कुणी असेल, जिचं एखादं 'ती विहीर मुळात आपलीच होती' छापाचं पालुपद असतं. रांके काय म्हणतो? ऐकीव गोष्टींवर इतिहास लिहू नका, मूळ कागद तपासा. म्हणजे रांके आजीला म्हणणार, सातबारा दाखवा. मार्क्स विचारेल, विहीर कुणाची हे राहू द्या, मोट कोण हाकत होतं? बस, दोन माणसं आयुष्यभर विसरणार नाहीस. बाकीच्यांना तू कामाला लाव. जे दुसऱ्या कुणाला सांगता येतं ते पेपरातही लिहिता येतं.

भूगोलात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी आहेत ही सोयच आहे. कागदाला मधोमध घडी घाल, डावीकडे भारत, उजवीकडे ब्राझील, आणि मिटल्या पुस्तकाने दोन्ही रकाने भर. एक भरला आणि दुसरा रिकामा राहिला की काय वाचायचं ते आपोआप कळतं.

विज्ञानातल्या आकृत्या बघून काढायच्या नाहीत, बघून मग न बघता काढायच्या. भिंगांच्या धड्याआधी घरातला जवळचं वाचायचा चष्मा माग (दोन काचा जोडलेल्या दिसतात तसला नको). दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीपासून हातभर अंतरावर धर आणि थोडा पुढेमागे कर. भिंतीवर खिडकी उलटी उमटेल. बहिर्वक्र भिंगाची वास्तव आणि उलटी प्रतिमा म्हणजे काय, ते तक्ता पाठ न करता समजेल आणि पुढे तक्ताही पाठ होईल.

रंगांचं काय? पेनं टाकून देऊ नकोस, विकत घेतलेली आहेत. पण रंग देण्याची पाळी शेवटी. कोऱ्या कागदावर लिहून झाल्यावर जे दोनदा सुटलं, तेवढ्यालाच रंग. आता तुझ्या पुस्तकात अर्धं पान पिवळं असेल, म्हणजे काहीच पिवळं नाही. गाईडांचं आणि अपेक्षित प्रश्नसंचांचंही तेच. प्रश्न वापर, उत्तरावर हात ठेव. मागच्या बोर्डाच्या प्रश्नपत्रिका मिळव आणि त्या 'वाचू' नकोस, घड्याळ लावून सोडव.

आता तू विचारलेला प्रश्न. किती तास? तुझ्याच पत्रावरून हिशेब केला. क्लास, शाळा, येणंजाणं, घरकाम, जेवण वगळून आणि झोप पुरी घेऊन तुझ्याकडे शाळेच्या दिवशी अडीच-तीन तास उरतात. ते पुरेत. पण झोप पुरी घेऊन, हे मी मुद्दाम म्हटलं. साडेअकरा ते चार म्हणजे साडेचार तास. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं झोपेचे डॉक्टर सांगतात. दिवसा शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो, म्हणजे तू रोज रात्री अर्धं दळण जात्यातच सोडून उठतेस. पहाट की रात्र या वादात मी पडत नाही, पण साडेसहाच्या क्लासला जायचं असेल तर साडेपाचला उठ आणि साडेनऊला दिवा बंद कर. चारचा गजर आजच काढ. यात मी तडजोड ऐकणार नाही.

संध्याकाळी सात ते साडेनऊ, मध्ये जेवण. आधी कालच्या भागाची उजळणी, मग डब्यातल्या चार चिठ्ठ्या, मग नवा भाग. सकाळी क्लास आणि शाळेच्या मधल्या वेळात अर्धा तास मिळाला तर तो भाषांना दे. एवढंच. भिंतीवर वेळापत्रक चिकटवू नकोस. तुझी तिन्ही वेळापत्रकं कशी असणार ते मला न बघता माहीत आहे, चार ते पाच भूमिती, पाच ते सहा इंग्रजी, पट्टीने आखलेली, दोन रंगांत. ज्या दिवशी पाहुणे येतात किंवा लग्नसराईचं काम अंगावर येऊन आईला काजं-बटणं करायला हात लागतो, त्या दिवशी ते मोडतं आणि मोडलेलं वेळापत्रक भिंतीवरून रोज टोचतं. तासांऐवजी कामं लिही. रात्री झोपताना कागदाच्या कपट्यावर उद्याची तीन कामं. झाली की खोड. एखादं राहिलं तर ते परवा पहिलं.

मोबाइलबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण क्लासचा गृहपाठ ग्रुपवर येत असणार. एकदा घे, वहीत उतरव, आईच्या मशीनच्या खणात ठेवून ये. गणिताचा व्हिडिओ बघायचा झाला तर बघ, पण त्यालाही तोच नियम लाव. संपला की बंद कर आणि तेच गणित स्वतः सोडव. व्हिडिओ बघून येतं ते 'कळलं', त्यातही फळ्यावरची अक्षरं सुंदर असतात, त्यामुळे फारच छान कळतं.

मामेबहिणीच्या दहा तासांवर मी फार विसंबणार नाही. परीक्षा संपल्यावर सगळ्यांचेच तास वाढतात, मासे पकडणाऱ्याचा मासा वाढतो तसे. तिला भेटलीस तर तास विचारू नकोस. 'पुस्तक मिटून काय करायचीस?' असं विचार. 94 टक्केवाली मुलं काहीतरी करत असतातच. कुणी धाकट्या भावाला शिकवतं, कुणी मैत्रिणीला प्रश्न विचारतं, कुणी गच्चीवर फेऱ्या मारत स्वतःशी बडबडतं. त्यांना ते अभ्यास वाटत नाही, म्हणून ती ते सांगत नाहीत.

दोन ओळी तुझ्या आईसाठी, तिला वाचून दाखव.

ताई, लेकीच्या खोलीतून आवाज येईनासा झाला तर काळजी करू नका. ती कोऱ्या कागदाकडे बघत नुसती बसलेली दिसेल, तेव्हाच तिचं सगळ्यात जास्त काम चाललेलं असेल. तुम्हाला तिच्या अभ्यासात हात द्यायचा असेल तर मशीनवर बसल्या बसल्या रोज एवढंच म्हणा, 'आज काय वाचलंस ते पुस्तक न बघता सांग.' विषय तुम्हाला कळायलाच हवा असं नाही. ती अडखळली तर 'एवढं साधं येत नाही?' म्हणू नका. 'बरं, बघून ये आणि मग सांग' म्हणा. आणि तिला साडेनऊला झोपू द्या, शेजारच्या घरातला दिवा कितीही वेळ जळू दे.

बाळा, पूर्वपरीक्षेला अजून वेळ आहे. पंधरा दिवस हे कर. सोळाव्या दिवशी प्रथम सत्राचा तोच बीजगणिताचा पेपर, दोन तास घड्याळ लावून, कोऱ्या कागदावर सोडव. क्लासच्या सरांकडून तपासून घे, आणि किती पडले ते मला कळव. 14 च्या खाली आले तरी कळव, आणि सोबत 'र', 'ह', 'व' किती ते लिही, म्हणजे पुढचं ठरवता येईल.

— तुझ्या बाई